नसीम, तो ठिपका मी पाहिला होता

नसीम,

तुझ्या शोकसभेत सहा जण बोलले आणि सहाही जण खोटं बोलले. सहावा मी होतो.

मागच्या सोमवारी, आपल्या अमरावतीच्या कॉलेजात, वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. तुझा फोटो कुठल्यातरी ओळखपत्रावरून मोठा केलेला होता, त्यामुळे चेहरा पसरट झाला होता आणि मला आधी ओळखूच आला नाही. विभागप्रमुख म्हणाले, नसीम मॅडम अत्यंत नम्र होत्या. तू नम्र नव्हतीस. प्राचार्य म्हणाले, या कॉलेजनं त्यांना घडवलं. याच कॉलेजनं अकरा वर्षांपूर्वी तुला लबाड ठरवून घरी पाठवलं, तेव्हा हे गृहस्थ, अजून साधे प्राध्यापक, स्टाफच्या सभेत दुसऱ्या ओळीत बसून मान डोलावत होते. आणखी कुणीतरी म्हणालं की काही तांत्रिक कारणांमुळे त्यांचं संशोधन अपुरं राहिलं. ते तांत्रिक कारण शोकसभेत पहिल्या ओळीत, पंख्याखाली बसलेलं होतं. मग त्याचं नाव पुकारलं गेलं. मी उठलो, तुझ्या चिकाटीबद्दल चार वाक्यं बोललो, तुझा हात किती स्थिर होता ते सांगितलं, आणि खाली बसलो.

त्यानंतर दोन मिनिटं सगळे उभे राहिले. त्या दोन मिनिटांत मला इतका राग आला की शेजारच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून ठेवावी लागली. आधी त्या पाच जणांचा आला. मग स्वतःचा. आणि खरं सांगायचं, तर शेवटी तुझाही आला.

म्हणून हे लिहितोय. तू वाचणार नाहीस हे मला कळतं. बाकीच्यांनी वाचावं.

तू माझ्याकडे पीएच.डी. करायला आलीस तेव्हा मी बत्तीस वर्षं एकच काम करत होतो. कांद्याच्या मुळांची टोकं कापायची, ॲसिडात उकळायची, लाल रंगात बुडवायची, काचेवर ठेवून अंगठ्यानं चेपायची आणि मुलांना गुणसूत्रं दाखवायची. अशा स्लाइड मला छान जमत. विद्यापीठात कुणाला चांगली स्लाइड हवी असली की माणूस माझ्याकडे यायचा. तुला मी माझी सगळ्यात सुंदर स्लाइड दाखवली. तू बराच वेळ पाहत राहिलीस आणि म्हणालीस, "छान आहे सर. पण हे मेलेलं आहे."

"मारल्याशिवाय रंग चढत नाही," मी म्हणालो.

"तेच तं. मले जित्तं पाहाचं हाय."

वऱ्हाडी तू फक्त चिडलीस किंवा खूश असलीस की बोलायचीस. एरवी पुस्तकातलं मराठी. त्या दिवशी दोन्हींतलं काय होतं ते मला समजलं नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरात तुझ्या अब्बांचं गाद्या-रजयांचं दुकान. पिंजलेल्या कापसात तू वाढलीस आणि बोलताना उदाहरणंही तिथलीच काढायचीस. मला तुझी पद्धत समजेना तेव्हा तू माझ्या खुर्चीवरची उशी उचललीस. "सर, समजा या खोळीत दोन कोस धागा कोंबला आहे. त्यातला वीतभर तुकडा आत्ता कुठे आहे ते मला सांगा. उशी फाडायची नाही."

"नाही सांगता येणार."

"येते. त्या तुकड्यावर काजवे बसवायचे."

मग तू नीट समजावलंस. धागा म्हणजे डीएनए. यीस्टच्या पेशीत, डीएनएच्या एका ठरलेल्या जागी, एकसारख्या दोनेकशे बैठका ओळीनं शिवून टाकायच्या. पेशीलाच असं प्रथिन बनवायला लावायचं, की जे फक्त त्या बैठकीवर जाऊन बसेल. आणि त्या प्रथिनाच्या शेपटीला दुसरं एक प्रथिन जोडायचं, जेलीफिशकडून घेतलेलं, निळ्या उजेडात हिरवं चमकणारं. एकटा काजवा दिसत नाही. दोनशे एका जागी बसले की हिरवा ठिपका दिसतो. पेशी जिवंत, डीएनए जागच्या जागी, आणि तो कुठे जातो, कधी दोनाचा होतो, हे डोळ्यांसमोर.

मी म्हणालो, "एवढे काजवे बसवलेस तर धागा जड होईल. मग तू जे पाहशील ते धाग्याचं वागणं असेल की काजव्यांचं?"

त्या प्रश्नावर आपण दीड वर्ष भांडलो. तू बैठका कमी करून पाहिल्यास, जास्त करून पाहिल्यास, काजवे नसलेल्या पेशी शेजारी वाढवून दोघींच्या वाढीचा वेग मोजलास, आणि दर वेळी माझ्या टेबलावर वही आपटलीस. "आता बोला." मी काहीतरी बोलायचोच. माझा प्रश्न खोटा नव्हता. तो अजूनही पुरता सुटलेला नाही असं मला वाटतं, आणि तू असतीस तर यावरही वही आपटली असतीस. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणा विद्यार्थ्यानं मला असं भांडायला दिलं नाही. बाकीचे "हो सर" म्हणायचे आणि माझ्या चुका तशाच उतरवून घ्यायचे. तुझ्यामुळे मी पन्नाशी उलटल्यावर परत अभ्यासाला बसलो. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

मायक्रोस्कोप आला तो स्पिरिटमधल्या बेडकांच्या खोलीत बसवला, कारण अंधार तिथेच होता. आल्या दिवशीच तू निळा उजेड अडवणाऱ्या शटरच्या दांडीवर कागद चिकटवलास, "काम झालं की बंद". हे प्रथिन उजेड पिऊनच चमकतं, पण जास्त पाजला तर कायमचं विझतं. म्हणून दोन सेकंद शटर उघडायचं, फोटो घ्यायचा, लगेच बंद करायचं. मला ती सवय नव्हती. माझा लाल रंग दहा वर्षं जात नाही, मी एकेका स्लाइडकडे अर्धा अर्धा तास पाहणारा माणूस. तू माझा हात बाजूला करायचीस. "सर, असं टक लावून पाहू नका त्याले. लाजून मरते ते."

आणि मग तो दिवस, ज्याबद्दल मी खोटं बोललो.

एप्रिलमधली दुपार. तू माझ्या तासावर येऊन दारातूनच हाताने बोलावलंस. मी मुलांना सोडून आलो. तू मला डोळा लावायला सांगितलंस आणि शटर उघडलंस. काळोखात एक गोल पेशी, फिकट, आणि तिच्यात एकच हिरवा ठिपका, मोहरीच्या दाण्यासारखा. शटर बंद. आपण थांबलो. तू घड्याळ बघत होतीस. पुन्हा दोन सेकंद, अजून एकच. पुन्हा थांबलो. पुन्हा उघडलंस, तेव्हा दोन होते. अगदी चिकटून, पण दोन. आणखी काही वेळानं ते एकमेकांपासून लांब गेले होते, एक पेशीला फुटलेल्या नव्या कळीच्या तोंडाशी पोहोचला होता.

इतकी वर्षं मी मुलांना पेशी विभागताना दाखवत होतो. दाखवत होतो म्हणजे काय, तर या मेलेल्या पेशीत हा टप्पा, त्या मेलेल्या पेशीत पुढचा टप्पा, आणि मधलं तुम्ही मनानं जोडा. एकच पेशी, तीच, जिवंत, माझ्या डोळ्यांखाली हे करते आहे, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"सर, काहीतरी बोला," तू म्हणालीस.

"दोन झाले."

"मोजता येते मंग तुमाले," तू म्हणालीस आणि हसलीस. मग आपण राजापेठेत जाऊन गिला वडा खाल्ला, आणि घरी गेल्यावर मी कुसुमला, माझ्या बायकोला, हे सगळं हातवारे करून सांगितलं. तिला विज्ञानातलं काही कळत नाही, पण ती म्हणाली की लग्नानंतर तुम्हाला इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

म्हणजे मी पाहिलं होतं. याला दोन साक्षीदार होते, तू आणि कुसुम.

समिती आली ती जूनमध्ये. तीन सदस्य, तुझी फेलोशिप पुढे चालू ठेवायची की नाही हे ठरवायला. तू सकाळीच स्लाइड तयार करून मायक्रोस्कोपवर लावलीस, शटर बंद ठेवलंस आणि मला म्हणालीस, "मी वरून जादा पेशी घेऊन येते. मी आल्याशिवाय उघडू नका, सर." मी हो म्हणालो.

तू गेलीस आणि समिती वेळेआधी आली. तेव्हाच्या प्राचार्यांचा आग्रह की सत्कार यंत्राजवळच व्हावा, एवढ्या किमतीचं यंत्र आहे, फोटोत आलं पाहिजे. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर बोलावलेला होताच. तो म्हणाला, "सर, मशीन चालू दिसू द्या ना. थोडा उजेड आला तर फोटोले मजा येईन." मी शटर उघडलं. काचेखालून सुंदर निळा उजेड आला. फोटोग्राफर खूश झाला. मग शाल, श्रीफळ, मोर्शीच्या संत्र्यांची टोपली. अध्यक्षांना एक, दुसऱ्या सदस्यांना एक, तिसऱ्यांना एक, प्रत्येकाचा वेगळा फोटो. नंतर प्राचार्यांचं भाषण, ज्यात ते माझं कौतुक करत होते, आणि मी यंत्राला टेकून उभा राहून ते ऐकत होतो. वीस मिनिटं शटर उघडं होतं. तुझा कागद माझ्या कोपराखाली होता.

कुणी अडाणी माणसानं हे केलं असतं तर मी त्याला माफ केलं असतं. मी गाईड होतो. मला माहीत होतं.

तू धावत आलीस तेव्हा अध्यक्ष डोळा लावून बसले होते. "कुठे आहे तुमचा ठिपका?" तू वाकून पाहिलंस. मग सरळ झालीस, शटरच्या दांडीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे.

"सर, दुसरी स्लाइड करते," तू अध्यक्षांना म्हणालीस. "वीस मिनिटं द्या."

प्राचार्य घड्याळाकडे बघत म्हणाले, "साहेबांना मोर्शीला संत्र्याचा बगीचा पाहायला जायचं आहे. गाडी लागली आहे."

अध्यक्ष हसत म्हणाले, "बाई, तुमचा ठिपका फोटोत असतो आणि काचेखाली नसतो. हे कसं?"

"उजेडानं विझला, सर. शटर उघडं राहिलं."

"कुणी उघडं ठेवलं?"

तू काही बोलली नाहीस. मीही बोललो नाही. तेव्हा ते माझ्याकडे वळले. "तुम्ही स्वतः पाहिलाय का हो हा ठिपका कधी?"

दोन वर्षांवर माझी निवृत्ती होती, आणि मुदतवाढीच्या फाइलवर याच अध्यक्षांची शिफारस लागणार होती. पाहिला म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता की मग आज कुठे गेला, आणि त्याच्या पुढचा, की शटर कुणी उघडलं. हे सगळं मी एका क्षणात जोडलं. मी एरवी सावकाश विचार करणारा माणूस आहे, पण त्या दिवशी फार चपळ होतो.

"मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही," मी म्हणालो. "फोटो तीच काढत असे."

खोलीत एवढे लोक होते, पण मला फक्त तू वही मिटल्याचा आवाज आठवतो.

अहवालात लिहिलं गेलं की निष्कर्षांची पडताळणी होऊ शकली नाही आणि मार्गदर्शकांनीही ते पाहिलेले नाहीत. खाली मार्गदर्शक म्हणून मी सही केली. चौकशी होईपर्यंत प्रयोगशाळेला कुलूप लागलं. चौकशी काही झाली नाही. आत फ्रीजर होता, जूनचं भारनियमन होतं, आणि कुलूप उघडलं तेव्हा तुझ्या सगळ्या पेशी मेलेल्या होत्या. आता दाखवायलाही काही उरलं नव्हतं. स्टाफरूममध्ये "कम्प्युटरवर हिरवे ठिपके काढणारी" असं तुला म्हणायला लागले. ते मी ऐकलं आणि वर्तमानपत्र वाचत राहिलो. त्यातल्या एकानं सोमवारी तुझ्या फोटोला हार घातला.

समितीच्या दिवशी घरी गेलो तेव्हा कुसुमनं विचारलं, "दाखवला का नसीमनं?" मी झालेलं सांगितलं, माझ्या सोयीनं. ती म्हणाली, "पण तुम्ही तर पाहिला होता ना?" मी तिला म्हणालो, तुला यातलं कळत नाही. त्या विषयावर ती परत कधी बोलली नाही. ती गेली त्याला चार वर्षं झाली. म्हणजे आता पाहिलं म्हणणारा मी एकटा उरलोय.

मला मुदतवाढ मिळाली. दोन वर्षं. त्यात मी काय केलं सांगू? कांद्याच्या मुळांच्या स्लाइड केल्या.

तू अकोल्याला परत गेलीस, ज्युनियर कॉलेजात शिकवायला लागलीस. मी तीन वर्षं आलो नाही. मग एका लग्नाच्या निमित्तानं आलो आणि धीर करून तुझ्या कॉलेजात पोहोचलो. तू मुलींना कांद्याचा पापुद्रा काढायला शिकवत होतीस, काचेवर, आयोडीन टाकून. मला पाहून म्हणालीस, "या सर. मेलेलं पाहा." मुली तुझ्याकडे बघायला लागल्या.

त्या गेल्यावर मी विचारलं, तू तेव्हा का बोलली नाहीस. शटर यांनीच उघडलं, यांनी ठिपका पाहिला आहे, एवढं म्हणायचं होतं. तू टेबल पुसत होतीस.

"मी बोलली असती, अन् तुमी नाई मनले असते तं?"

मी आयोडीनच्या बाटलीचं झाकण लावलं.

"तुमी मनले असते, सर. मी तुमच्या तोंडाकडे पाहून रायली होती. तुमी नाई मनाले तयार होते." मग तू फडकं बेसिनवर टाकलंस. "माह्या तोंडावर नाई मनाचं, तितलं तरी वाचवलं मी."

मी म्हणालो, आता लेखी देतो. तू म्हणालीस, "द्या ना. काहून विचारता मग?" मी म्हणालो, तू परत काम सुरू करणार असशील तर देतो, नाहीतर उगाच जुनं कशाला. तू माझ्याकडे पाहिलंस आणि नळ सोडलास. पाण्याच्या आवाजात पुढचं बोलणं झालं नाही.

त्या अर्धवट भांडणाचा मला सगळ्यात जास्त राग आहे. तुझाही राग आहे, नसीम. ज्या बाईनं दोनशे बैठका किती जड होतात यावर माझ्याशी दीड वर्ष वाद घातला, ती स्वतःच्या नावासाठी एक दिवस भांडली नाही. विद्यापीठात जायचं होतंस. माझी कॉलर धरायची होतीस. मला तोंडावर खोटारडा म्हणायचं होतंस. मी कोसळलो असतो, आणि बरं झालं असतं. तू मला सांभाळलंस. कुणी सांगितलं होतं सांभाळायला? तुझ्या त्या सांभाळण्याच्या आडोशाला मी अकरा वर्षं निवांत जेवलो, झोपलो, फिरायला गेलो.

हे लिहिलं आणि परत वाचलं. मेलेल्या माणसावर ओरडणं सोपं असतं. राहू दे तसंच. मी असाच आहे हेही नोंदलं जाऊ दे.

तुझी बातमी फोनवर कळली तेव्हा दफनही होऊन गेलं होतं. मग ती सोमवारची सभा. मंगळवारी सकाळी मी तीन पानी निवेदन लिहिलं आणि विद्यापीठात घेऊन गेलो. तिथला कारकून सभ्य होता. त्यानं सगळं वाचलं आणि म्हणाला, "काका, ज्यांच्यावर अहवाल आहे त्या मयत झाल्या. मग फाइल कोणासाठी उघडायची? घरच्या कोणाची सही आणा, का अहवाल दुरुस्त व्हावा अशी त्यांची मागणी आहे." मी विचारलं, "मी सांगतोय ना खोटं बोललो म्हणून, तेवढं पुरत नाही?" तो म्हणाला, "तुम्ही काय, तुम्ही साक्षीदार."

म्हणून गुरुवारी बडनेऱ्याहून गाडी पकडली आणि अकोल्याला आलो. तुझा भाऊ अकील दुकानात होता. अब्बा गेल्यापासून तोच दुकान पाहतो. त्यानं मला ओळखलं, पण बसा म्हणाला नाही. मी निवेदन त्याच्या हातात दिलं. तो रजईच्या गठ्ठ्याला टेकून सावकाश वाचत होता. तिसऱ्या पानावर थांबला.

"सर, इथं तुमी 'माझ्याकडून चूक झाली' असं लिवलं."

"हो."

"चूक कोन्ती? शटरची?"

"तीही."

"शटरची चूक हाय, मान्य. माणसाच्या हातून होते. पण मंग साहेबानं विचारलं अन् तुमी पाह्यलंच नाई मनले. त्याले चूक नाई मनत आमच्याकडं."

माझ्या खिशात पेन होतं. मी ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, "मी जाणूनबुजून खोटं बोललो." अकीलनं ते वाचलं आणि मान हलवली, पण सही केली नाही. कागद परत माझ्याकडे दिला.

"सही करतो. पण आधी आत जाऊन हे अम्मीले वाचून दाखवा. मराठी समजते तिले. मी नाई सांगणार. माह्यापेक्षा तुमच्या तोंडून आयकू द्या."

दुकानामागेच घर. तुझ्या अम्मी पलंगावर बसून तांदूळ निवडत होत्या. मला पाहून त्यांनी पदर सारखा केला आणि "मास्टर आये," असं कुणाला तरी आत सांगितलं. सरबत आणायला लावलं. माझी तब्येत विचारली. म्हणाल्या, "नसीम आपका बहोत नाम लेती थी. आखिर तक. बोलती थी, सर ने मेरेको लड़ना सिखाया." मला वाटलं आपण उठून पळून जावं. अकील दारात उभा होता.

मी वाचलं. तिन्ही पानं. शटर, शाल, संत्री, अध्यक्षांचा प्रश्न, माझं उत्तर. "जाणूनबुजून" या शब्दाशी मी अडखळलो, तर अकील म्हणाला, "जान बूझ के, अम्मी."

त्यांनी ताटातल्या तांदळातून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "तो मेरी बच्ची सच्ची थी?"

"हो."

"उसने तो बोली थी मेरेको. बोली, अम्मी मैंने कुछ नहीं करी. लेकिन मास्टर की सही थी ना कागज पे. और वोच बोलती, मेरे सर बहोत अच्छे हैं. तो मैं सोची, अच्छा मास्टर झूठ काहेको बोलेगा. लड़की सेच गलती हुई होगी, शरम से नहीं बोलती." त्यांनी ताट बाजूला ठेवलं. "ग्यारा साल मैं हर नमाज में माफी मांगी उसके वास्ते. अल्ला, मेरी लड़की ने पढ़ाई में झूठ करी, उसको माफ कर. जोर से मांगती थी. वो बाजू में बैठ के सुनती थी."

नसीम, हे तू मला सांगितलं नव्हतंस.

अकील आत आला, माझ्या हातातून कागद घेतला, पलंगाच्या कडेला बसून खाली सही केली आणि तारीख टाकली. सरबत तसंच होतं. मी उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा तुझ्या अम्मींनी हाक मारली.

"मास्टर, अब मैं किसके वास्ते मांगू?"

"माझ्यासाठी मागू नका," मी म्हणालो.

"नहीं मांगूंगी," त्या म्हणाल्या.